औषधाचा बत्तासा

औषध कोणते द्यावे हे ठरविण्यात वैद्याची अर्धी विद्या खर्ची पडते. उरलेली अर्धी ते औषध रोगाच्या जागी पोचविण्यात. ही दुसरी विद्या लोकांच्या फारशी ध्यानात येत नाही. डोके दुखो वा गुडघा, आपण गिळलेली गोळी जाते ती पोटातच. तेथून ती आतड्यात विरघळते, यकृताच्या नाक्यावर जकात भरते आणि उरलासुरला अंश रक्ताबरोबर साऱ्या अंगभर हिंडत हिंडत गुडघ्यापर्यंत येतो. एका घरी निरोप द्यायचा म्हणून गावभर दवंडी पिटावी, तसाच हा प्रकार. डोकेदुखीला तो चालून जातो. परंतु आजार फुप्फुसाचा असेल, औषध जहाल असेल आणि ते महिनोन् महिने घ्यायचे असेल, तर या दवंडीची किंमत रोग्याला फार जबर मोजावी लागते.

फुप्फुसाला निसर्गाने एक थेट दरवाजा ठेवला आहे. दिवसाकाठी आपण वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो. त्यांतल्या एखाद्या श्वासावर औषध बसवून ते सरळ आत का पाठवू नये? आणि पाठविलेच, तर ते हळूहळू, आठ-आठ दिवस पुरेल असे का पाठवू नये? या दोन साध्या प्रश्नांच्या मागे शास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या लागल्या आहेत. त्यांतून जे निर्माण झाले ते म्हणजे श्वासाबरोबर आत जाणारे, तेथे थोडे थोडे औषध सोडणारे आणि काम संपताच स्वतःही नाहीसे होणारे सूक्ष्म कण. औषधविक्रीच्या धंद्यात माझी पस्तीस वर्षे गेली. दमेकऱ्यांच्या हाती पंप देता देता आणि क्षयरोग्यांचे हाल पाहता पाहता मला या कणांविषयी कुतूहल वाटू लागले. जे वाचले, समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवतो.

धोत्र्यापासून पंपापर्यंत

मूळ कल्पना काही आजची नव्हे. सर्दी झाली की ओव्याची धुरी द्यावी, वाफारा घ्यावा, ही रीत आपल्या घरोघर आहे. दम्यावर धोत्र्याची वाळलेली पाने चिलमीत घालून ओढण्याचा उपायही आपल्या देशात जुना. हीच युक्ती १८०२ साली जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने मद्रासेहून इंग्लंडात नेली, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तिकडे दम्याच्या विड्या राजरोस विकल्या गेल्या. धोत्रा विषारी आहे, तेव्हा हा प्रयोग कुणी घरी करू नये. पण त्यात तथ्य होते. धोत्र्यातील अ‍ॅट्रोपीन आवळलेल्या श्वासनलिका सैल करते. आज पंपातून मिळणारे टायोट्रोपियम हे औषध त्याच कुळातले, फक्त सुधारून घेतलेले.

ज्याला आपण नुसता 'पंप' म्हणतो त्याची जन्मकथा मोठी गोड आहे. १९५५ साली अमेरिकेतील रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले, की केसांवर मारायचा फवारा जसा डब्यातून येतो, तसे माझे औषध का येत नाही? बापाने तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, ठरावीक मात्रा सोडणारा पहिला दाबाचा पंप बाजारात आला. जगातील लक्षावधी दमेकऱ्यांनी त्या मुलीला दुवा दिला पाहिजे.

तरीही या पंपाची एक मोठी उणीव आहे. साध्या पंपातून सुटलेल्या औषधापैकी जेमतेम दहा ते वीस टक्के फुप्फुसात पोचते. बाकीचे तोंडात आणि घशातच चिकटते. दुकानात मी रोज पाहतो, की अनेक जण अत्तर लावावे तसा फवारा जिभेवर मारतात आणि वर तक्रार करतात की गुण येत नाही. पंप दाबणे आणि श्वास ओढणे ही दोन कामे एका क्षणी जमावी लागतात. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी पंपापुढे लावायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, मिळते. ती वापरण्यात कमीपणा मुळीच नाही. पण सगळा दोष रोग्याच्या हाताचा नाही. फुप्फुसाची रचनाच अशी आहे की तेथे बाहेरच्या वस्तूला सुखासुखी प्रवेश नाही.

उलटे झाड

फुप्फुस म्हणजे उलटे टांगलेले झाड. मुख्य श्वासनलिका हे त्याचे खोड. त्याला दोन फांद्या फुटतात, प्रत्येकीला पुन्हा दोन, असे तेवीस वेळा होते. शेवटच्या डहाळ्यांना पाने असतात ती वायुकोशांची. हे इवलेसे फुगे तीस ते पन्नास कोटींच्या घरात भरतात. ते सारे उलगडून पसरले तर बॅडमिंटनचे एक मैदान सहज झाकले जाईल. एवढा विस्तार, आणि पलीकडच्या रक्तापासून तो अलग ठेवणारा पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ! मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास असते, यावरून कल्पना करावी.

या झाडाच्या पानापर्यंत पोचायचे तर कणाला अंगाचा आकार सांभाळावा लागतो. दहा मायक्रॉनहून मोठा कण वेगाने येतो आणि घशाच्या वळणावर, भरधाव गाडी कठड्यावर आदळावी तसा, आदळतो. अर्ध्या मायक्रॉनचा कण धुरासारखा तरंगत आत जातो आणि बहुधा तसाच उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. मधला, एक ते पाच मायक्रॉनचा, तेवढा खोलवर जाऊन बसतो.

बसल्यावर तरी त्याला स्वस्थता असते काय? छे! श्वासनलिकांच्या आतून चिकट पाण्याचा थर पसरलेला असतो आणि त्याखालची सूक्ष्म लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून तो थर सतत वर सरकवीत असते. सरकत्या जिन्यावर बसलेला कण काही तासांत घशापर्यंत येतो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. वायुकोशात ही लव नसते. तेथे दुसरा पहारेकरी फिरत असतो. त्याला शास्त्रज्ञ महाभक्षक पेशी म्हणतात. एक ते पाच मायक्रॉनचा कण तिला अगदी घासाएवढा. दिसला की गिळलाच.

म्हणजे पाहा, ज्या आकाराचा कण आत पोचतो, नेमका त्याच आकाराचा कण पहारेकऱ्याच्या तोंडी पडतो. या पेचाने शास्त्रज्ञांना पुष्कळ दिवस अडवून धरले.

जी धूळ जिरत नाही

हा पेच सोडविण्यापूर्वी दुसरा एक प्रश्न विचारणे जरूर आहे. आत गेलेला कण कधीच विरघळला नाही तर काय होते?

याचे उत्तर मध्य प्रदेशातील मंदसौरच्या कामगारांनी आपल्या जिवाने दिले आहे. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाटीवर ज्या दगडी पेन्सिलीने अक्षरे गिरविली, त्या पेन्सिलींचा धंदा तेथे मोठा होता. दगड कापताना उडणारी गारेची बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसात जाई. भक्षक पेशी ती गिळत, पण पचवू शकत नसत. उलट स्वतःच मरत. मेलेल्या पेशीतून तोच कण पुन्हा मोकळा होई, दुसरी पेशी त्याला गिळे, तीही मरे. होता होता फुप्फुसात घट्टे पडत आणि धडधाकट तरुण माणूस चार पावलांत धापा टाकू लागे. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो झालेल्यांना क्षयही लवकर गाठतो. गवंडीकाम, दगडफोड आणि खाणकाम जेथे चालते तेथे हा रोग आजही आहे.

धडा उघड आहे. फुप्फुसाला मागचे दार नाही. तेथे पाहुणा पाठवायचा तर तो मुक्काम ठोकून बसणारा नको. काम होताच विरून जाणारा हवा.

विरघळणाऱ्या टाक्यांची जात

असा पाहुणा सापडला तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर. बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत 'आपोआप विरघळणारे टाके' घातल्याचे आपण ऐकतो. १९७० च्या सुमारास असे कृत्रिम धागे प्रथम वापरात आले. दोन साधी आम्ले त्यांच्या मुळाशी आहेत. एक लॅक्टिक आम्ल, जे दह्याला आंबटपणा आणते. दुसरे ग्लायकोलिक आम्ल, जे उसाच्या रसातही सापडते. यांचे असंख्य रेणू माळेत मणी ओवावेत तसे एकमेकांना जोडले की टणक पदार्थ तयार होतो. अंगातील पाणी या माळेच्या गाठी एकेक करून सोडविते. सुटलेले मणी म्हणजे पुन्हा तीच दोन आम्ले. शरीर ती अन्नासारखी जाळते; त्यांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, आणि हा वायू आपण उच्छ्वासावाटे टाकून देतो. फुप्फुसापुरते बोलायचे तर पाहुणा ज्या दाराने आला त्याच दाराने, पण वायुरूपाने, परत जातो!

दोन आम्लांचे प्रमाण बदलले की विरघळण्याचा काळही बदलतो. काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत तो हवा तसा ठेवता येतो. मग या पदार्थाच्या पोटात औषध कोंडले तर? पदार्थ झिजेल तसतसे औषध बाहेर येत राहील. १९८९ साली अमेरिकेत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर असेच एक इंजेक्शन मंजूर झाले. रोज टोचायचे औषध त्याने महिन्यातून एकदा टोचण्यावर आणले.

आता उरले ते याच पदार्थाचे असे कण घडविणे, की जे सुई न टोचता श्वासाने आत जातील आणि पहारेकऱ्याच्या हाती लागणार नाहीत.

लाह्या आणि बत्तासे

लक्ष्मीपूजनाला आपण लाह्या-बत्तासे ठेवतो. भाताचा एक दाणा आणि त्याच दाण्याची लाही हातावर घेऊन फुंकर मारून पाहा. दाणा जागचा हलत नाही. त्याहून कितीतरी मोठी दिसणारी लाही मात्र उडून जाते. वजन तेच, पण अंग फुलले की वाऱ्यावर स्वार होता येते. १९९७ सालच्या जून महिन्यात 'सायन्स' या विख्यात नियतकालिकात डेव्हिड एडवर्ड्स, रॉबर्ट लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे प्रसिद्ध केले त्याचे मर्म या लाहीत आहे.

तोवर सर्वांची धडपड कण लहान करण्याची होती. या मंडळींनी ते मोठे पण पोकळ केले. हवेत कण कसा वागेल हे नुसत्या आकारावर ठरत नाही, घनतेवरही ठरते. दहा मायक्रॉनचा कण पाण्याच्या एकदशांश घनतेचा केला, तर वाऱ्याच्या लेखी तो सुमारे तीन मायक्रॉनचाच ठरतो. घशाचे वळण तो बिनघोर पार करतो. आत गेल्यावर मात्र त्याचा खरा आकार कामी येतो. भक्षक पेशीच्या तोंडात तो सहज मावत नाही, आणि ती त्याला गिळायला धजत नाही. शिवाय बारीक पिठाच्या गुठळ्या होतात तशा या भरड कणांच्या होत नाहीत, त्यामुळे ते नळीतून मोकळे सुटतात. एका युक्तीत तीन कामे साधली.

असे कण करतात तरी कसे? सांगायला सोपे आहे. औषधाचे पाणी आणि त्या पदार्थाचे द्रावण ताकासारखे घुसळायचे, म्हणजे बारीक थेंब तयार होतात. द्रावक उडून गेला की थेंबाचा कण होतो. अंगाला भोके पडावीत म्हणून काही जण त्यात अमोनियम बायकार्बोनेट घालतात. त्याचा वायू होऊन निघून जातो आणि मागे जाळी राहते. बत्ताशाच्या पाकात हलवाई खाण्याचा सोडा घालतो तो याचसाठी. आतून जाळीदार, हाताला हलका आणि जिभेवर ठेवताच विरघळणारा बत्तासा हीच त्या कणाची उत्तम प्रतिमा आहे.

उंदरांवर प्रयोग झाले. लहान, भरीव कणांतून श्वासावाटे दिलेल्या इन्शुलिनचा परिणाम चार तास टिकला होता. मोठ्या, सच्छिद्र कणांतून दिलेल्याचा परिणाम शहाण्णव तास टिकला. चार दिवस! मधुमेह्यांच्या सुया सुटणार, असे त्या वेळी अनेकांना वाटले.

आशा, फजिती आणि पुन्हा आशा

सुया इतक्या लवकर सुटल्या नाहीत. फायझर कंपनीने श्वासावाटे घ्यायचे इन्शुलिन प्रथम बाजारात आणले. हे कण विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचे नव्हते. साधी कोरडी पूड होती. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने ती मागे घेतली. उपकरण अवजड होते आणि लोकांनी त्याकडे पाठ फिरविली. २८० कोटी डॉलर पाण्यात गेले.

त्यानंतर आल्फ्रेड मान या उद्योगपतीच्या मॅनकाइंड कंपनीने दुसऱ्या वाटेने इन्शुलिन आणले. त्याला अमेरिकेत २०१४ साली परवानगी मिळाली. यातील वाहक कण फुप्फुसातील ओलाव्यात तात्काळ विरघळतो, इन्शुलिन मिनिटांत रक्तात जाते आणि वाहक लघवीवाटे निघून जातो. डिसेंबर २०२४ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनीही ते येथे विकण्यास सिप्ला कंपनीला मंजुरी दिली. ते जेवणाच्या वेळी घ्यायचे इन्शुलिन आहे. दमेकऱ्यांना आणि धूम्रपान करणाऱ्यांना ते वर्ज्य आहे, हे ध्यानात ठेवावे.

आणि एडवर्ड्स-लँगर यांच्या बत्ताशाचे काय झाले? तोही वाया गेला नाही. त्याच परंपरेतून पार्किन्सन्सच्या कंपवातावरचे लेव्होडोपा हे औषध पुडीच्या रूपाने तयार झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. गोळीचा असर उतरून रोगी लाकडासारखा ताठ झाला की तो ही पूड ओढतो. मात्र या कणांत टाक्यांचा पदार्थ नाही. त्याऐवजी फुप्फुस स्वतःच जे स्निग्ध द्रव्य तयार करते, तेच वापरले आहे. वायुकोश मिटून जाऊ नयेत म्हणून निसर्गाने ते आत फासलेले असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते कमी पडते म्हणून ती श्वासासाठी तडफडतात, असे १९५९ साली मेरी एलन एव्हरी या बालरोगतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिले होते. घरच्याच सामानाने बांधलेला कण परका वाटण्याचे कारण नाही.

चोराच्या वाटा

येथवर फुप्फुस हे रक्तात शिरण्याचे दार म्हणून आपण पाहिले. पण रोगच फुप्फुसात ठाण मांडून बसला असेल तर? येथे मला ज्याची खरी तळमळ आहे त्या क्षयाकडे वळावे लागते.

क्षयाच्या जंतूला एक ते पाच मायक्रॉनचे गणित आपल्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. रोगी खोकतो तेव्हा उडालेल्या थेंबातील पाणी आटते आणि जंतू बसलेला हलका कण हवेत तरंगत राहतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोर येथे विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरोग्यांच्या सहा खाटांच्या दालनातली हवा नळावाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यात सोडली. रोग्यांचा स्पर्श नाही, भांडीकुंडी नाहीत. नुसत्या हवेने त्या प्राण्यांना क्षय झाला.

असा कण वायुकोशात उतरतो तेव्हा भक्षक पेशी आपले कर्तव्य बजावते आणि त्याला गिळते. घात होतो तो तेथेच. क्षयाचा जंतू तिच्या पोटात मरत नाही. पेशीची पाचक रसाची पिशवी आपल्यापर्यंत येऊच द्यायची नाही, ही कला त्याला अवगत आहे. पहारेकऱ्याच्याच घरात तो बिऱ्हाड थाटतो. गोळीतून आलेले औषध साऱ्या शरीराला वाटून उरलेले, या घरात पोचते ते थोडे. म्हणून मात्रा मोठी आणि काळ लांब ठेवावा लागतो. दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. उलट्या, कावीळ, सांधेदुखी यांनी पुष्कळ रोगी हैराण होतात.

माझ्या शेजारी यंत्रमागावर काम करणारा एक तरुण राहत असे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळत होत्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरले, आणि त्याने गोळ्या सोडल्या. "काका, आता बरा आहे, मग विष कशाला पोटात घालू?" असे तो मला म्हणाला. मी परोपरीने सांगितले. आठ महिन्यांनी रक्त पडू लागले तेव्हा साधी औषधे त्याच्या जंतूला पुरेनाशी झाली होती. अशीच अर्धवट झालेली औषधे जंतूला शहाणे करून सोडतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी जगापुढे आणले, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे २०२३ साली जगात एक कोटी आठ लाख माणसांना नव्याने क्षय झाला. त्यांतील चौथ्या हिश्श्याहून अधिक आपल्या देशातील होती.

आता त्या जुन्या पेचाकडे पुन्हा पाहा. एक ते पाच मायक्रॉनचा कण भक्षक पेशी गिळते, ही इन्शुलिनवाल्यांची अडचण होती. क्षयावर औषध शोधणाऱ्यांच्या ती पथ्यावर पडली. पेशी गिळणारच असेल तर तिला औषधाने भरलेला कणच गिळू द्यावा! जंतू ज्या वाटेने आणि ज्या पोटात शिरला, त्याच वाटेने त्याच पोटात औषध शिरेल, आणि तेथेच झिजत झिजत आपले काम करील.

चंदीगड आणि लखनौ

या कल्पनेवर आपल्या देशात मोलाचे काम झाले आहे, आणि त्याची वार्ता सामान्य वाचकापर्यंत फारशी आलेली नाही याचे मला वाईट वाटते. चंदीगडच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेत गोपाळकृष्ण खुल्लर यांच्या प्रयोगशाळेने टाक्यांच्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत रिफाम्पिसिन, आयसोनायझिड आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे भरली. एवढे बारीक कण सुटे सोडले तर उच्छ्वासाबरोबर परत येतील, म्हणून ते पाण्याच्या तुषारांत बसवून, दमेकऱ्याला वाफ देतात तशा यंत्राने, क्षय झालेल्या गिनीपिगांना हुंगविले. दर दहाव्या दिवशी एक, अशा पाच मात्रांनंतर त्यांच्या फुप्फुसांत क्षयाचे जंतू सापडले नाहीत. तोंडावाटे औषध देऊन हाच गुण यायला रोज एक याप्रमाणे शेचाळीस मात्रा लागल्या. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. शेचाळीसच्या जागी पाच! माझ्या शेजाऱ्याला हे वाटेकरी मिळाले असते तर, असे ते वाचताना माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत अमित मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरड्या पुडीचा मार्ग धरला. आयसोनायझिड आणि रिफाब्युटिन भरलेले कण त्यांनी भक्षक पेशींना खाऊ घातले. पेशींच्या पोटात औषधाचा जो साठा झाला, तो तेच औषध नुसते पाण्यात विरघळवून दिले असता होणाऱ्या साठ्याहून कितीतरी मोठा होता.

घोडे कोठे पेंड खाते?

वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी अशा कणांचे क्षयावरील औषध दुकानात आलेले नाही. यात कुणाचे कारस्थान नाही; अडचणी खऱ्या आहेत.

पहिली अशी, की गिनीपिगाचे फुप्फुस म्हणजे माणसाचे फुप्फुस नव्हे. क्षयाने जेथे पोकळी पडली किंवा गाठ धरली, तेथे वारा नीट खेळत नाही. मग श्वासावर बसलेला कण तेथवर जाणार कसा? शिवाय क्षय हाडात, गाठीत, मेंदूच्या आवरणातही असतो, म्हणून गोळ्यांना पुरती रजा देता येणार नाही. दुसरी अडचण साचण्याची. टाक्यांचा पदार्थ आठवड्यांनी झिजतो. पहिली मात्रा झिजण्याआधी दुसरी, तिसरी पडत गेली, तर आत ढीग होणार, आणि झिजताना सुटणारे आम्ल नाजूक पडद्याला झोंबणार. तिसरी अडचण आपल्या हवेची. हा पदार्थ पाण्यानेच तुटतो, तेव्हा आषाढातल्या कोकणच्या दमट हवेत ही पूड डबीतच बिघडू लागेल. तिला कोरडे आणि थंड ठेवण्याचा खर्च येतो. चौथी आणि सर्वांत कठीण अडचण म्हणजे पैसा. माणसांवरच्या चाचण्यांना अनेक वर्षे आणि अमाप द्रव्य लागते, आणि क्षय हा बव्हंशी गरिबांचा रोग आहे.

तथापि वाट बंद नाही, याचा पुरावा मिळालेला आहे. क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ आहे. तोही भक्षक पेशीत दडून बसतो आणि औषधांना दाद देत नाही. त्याच्यावर अ‍ॅमिकासिन हे औषध फुप्फुसातल्यासारख्याच स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून, तुषाररूपाने द्यायला अमेरिकेने २०१८ साली परवानगी दिली. ज्या रोग्यांना इतर उपायांनी गुण आला नव्हता अशांवर त्याची चाचणी झाली. नेहमीच्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे नऊ टक्के रोग्यांची थुंकी जंतुरहित झाली. या पिशव्यांची जोड दिली तेव्हा एकोणतीस टक्क्यांची झाली. खोकला आणि आवाज बसणे हे त्रास पुष्कळांना झाले. पूर्ण यश हे नव्हेच. पण पहारेकऱ्याच्या घरात, माणसाच्या फुप्फुसात, औषध पोचविता येते एवढे त्याने सिद्ध केले.

दुकानात कुणी मला विचारते, की पुढे क्षयालाही पंप निघेल काय? मी सांगतो, निघावा असे काम चालू आहे, आणि त्यातले काही आपल्याच माणसांनी केलेले आहे. पण तो निघेपर्यंत आज हाती असलेल्या गोळ्या याच खऱ्या. त्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि पुऱ्या काळ घेतल्या तर साधा क्षय बहुतेकांचा बरा होतो. कावीळ दिसली, डोळ्यांपुढे अंधारले, उलट्या थांबेनात, तर गोळ्या आपल्या मनाने न सोडता डॉक्टरांकडे जावे. ते औषध बदलून देतात. घरात दमेकरी असेल तर त्याच्या हातून पंप एकदा आपल्या डोळ्यांदेखत वापरून घ्यावा, आणि फटाक्यांच्या या दिवसांत त्याला धुराबाहेर ठेवावे.